तिसरी गोळी कुठे गेली

फॉर्ममध्ये प्रश्न होता, पूर्वी क्षयरोग झाला होता का. मी ‘हो’वर खूण केली आणि पुढच्या रिकाम्या जागेत, कुणी विचारलं नसताना लिहिलं, ‘सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण. एकही दिवस चुकला नाही.’ खाली रेघसुद्धा मारली. नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, रक्ताच्या आजारांच्या विभागाबाहेर लोखंडी बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बहीण. बहिणीनं ती रेघ पाहिली आणि म्हणाली, “पेपर सोडवून राहिला का दादा? एवढी शायनिंग कायले?”

शायनिंग मारायला कारण होतं. मी गोंदियात एका मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो. दिवसातून चार-पाच जणांना तरी ऐकवतो की अँटिबायोटिकचा कोर्स अर्ध्यात सोडू नका. समोरचा म्हणतो, “भैया, अभी दो गोली दे दो, आराम लगा तो बाकी नहीं लगेगा.” माझं डोकं फिरतं. मालक कितीदा बोलले आहेत की तू इथे गोळ्या विकायला आहेस, भाषण द्यायला नाही. पण मी स्वतः टीबीतून उठलेला माणूस. मला बोलायचा हक्क आहे असं मला वाटायचं.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. खोकला जाईना, वजन पंचेचाळीस किलोवर आलं, संध्याकाळी अंग तापायचं. थुंकी तपासली, टीबी निघाला. वडील मी दहावीत असतानाच गेले होते. आई राइस मिलमध्ये कामाला जायची. आशाताईंनी आईला बसवून समजावलं की रोज सकाळी तुमच्या हातानं गोळ्या द्यायच्या, तुमच्या डोळ्यांसमोर गिळल्या पाहिजेत. पाकिटातून गोळ्या काढल्या की मागे एक नंबर दिसायचा, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे सरकारी रेकॉर्डमध्ये आजची गोळी खाल्ल्याची नोंद व्हायची. मिस्ड कॉल द्यायचं काम आईनं इतकं मनावर घेतलं होतं की मिलमध्ये जायला उशीर झाला तरी चालेल, पण कॉल आधी. सहा महिन्यांत मी बरा झालो, वजन वाढलं, आणि गोष्ट संपली. निदान आठ वर्षं मी तसं धरून चाललो.

बहिणीची गोष्ट मात्र कधीच संपत नव्हती. तिला जन्मापासून सिकलसेल. आमच्या भागात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शाळेत येऊन रक्त तपासतात, कार्ड देतात, आणि लग्न जमवताना पत्रिकेआधी ते कार्ड मागणारी घरंही आता आहेत. आईवडील दोघंही वाहक होते. मीही वाहक निघालो, म्हणजे माझ्यात दोष आहे पण त्रास नाही. तिच्या वाट्याला सगळा त्रास आला. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की ती उशी दातांत धरते. थंडी पडली की गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्याच्या घरात सगळ्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे.

गेल्या हिवाळ्यात दुखणं छातीत उतरलं. श्वास लागेना. आयसीयूत नऊ दिवस होती. त्यानंतर नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या की असा झटका पुन्हा आला तर मी काही सांगू शकत नाही. एक मार्ग आहे, सख्ख्या भावाच्या हाडातला गर जुळला तर तो हिला देता येईल. तपासणी केली. माझा गर पूर्ण जुळला. आईनं ऐकल्याबरोबर हात जोडले, डोळे मिटले आणि तिथेच ओठांतल्या ओठांत वंदना म्हणायला लागली. त्या दिवशी मी फार खूश होतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे तिच्या उपयोगाचं होतं.

तर तो फॉर्म घेऊन आम्ही मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम तरुण होत्या, माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या, आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. टीबीवरची खूण पाहून त्या थांबल्या. फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक हाड काढलं.

“हाडाच्या आत हा गर असतो. त्यात मूळपेशी असतात, स्टेम सेल म्हणतात त्या. सगळं रक्त त्यांच्यापासून बनतं. लाल पेशी पण आणि पहारेकरी पण. काही पहारेकरी असे असतात की त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, जन्मले की ड्यूटीवर. बाहेरचं काही दिसलं की गिळून टाकायचं, एवढंच त्यांना माहीत. समझे?”

मी म्हटलं, समजलं.

“टीबीचा जंतू हुशार आहे. पहारेकऱ्यानं गिळलं तरी तो मरत नाही, त्याच्या पोटातच घर करतो. आणि काही अभ्यासांत असं दिसलंय की हाडातल्या काही मूळपेशींमध्येही तो झोपून राहू शकतो. तिथे पहारेकरी त्याला शोधायला जात नाहीत. औषध गेलं तरी ती पेशी औषध बाहेर फेकते. म्हणजे त्याला लपायला चांगली जागा.”

मी पुन्हा म्हटलं, समजलं. खरं तर इथपर्यंत समजलं होतं.

मग त्यांनी माझ्या दंडाकडे बोट केलं. तिथे लहानपणी दिलेल्या बीसीजीचा वण आहे. त्या म्हणाल्या की ही लस दंडावर दिली तरी तिचा परिणाम हाडातल्या मूळपेशींपर्यंत पोचतो असं आता दिसतंय. त्या मूळपेशींना ती एक प्रकारचा धडा देते, मग त्यांच्यापासून पुढे जन्मणारे पहारेकरी जास्त चलाख निघतात. पण खरा टीबीचा जंतू गरापर्यंत पोचला तर उंदरांमध्ये नेमकं उलटं झालेलं दिसलंय. मूळपेशी बिघडतात आणि पहारेकरी मंद निघतात.

मी विचारलं, “मग माझ्या मूळपेशी शिकलेल्या की बिघडलेल्या?”

“माहीत नाही.”

“तपासता येत नाही?”

“तुमच्या बाबतीत नक्की सांगता येईल अशी तपासणी आज तरी नाही.”

डॉक्टरनं ‘माहीत नाही’ म्हणावं याची मला सवय नव्हती. आमच्या गोंदियातले डॉक्टर माहीत नसलं तरी पाच गोळ्या लिहून देतात, आणि खरं सांगायचं तर माणसाला तेच बरं वाटतं. मी त्या चित्राकडे पाहत बसलो. लस दंडावर, टीबी फुप्फुसात आणि भानगड हाडात. दहावीला मला विज्ञानात बहात्तर मार्क होते, त्यांचा काही उपयोग होत नव्हता.

मॅडम पुढे म्हणाल्या, “माझी काळजी एवढीच. हिला तुमचा गर द्यायच्या आधी जोरदार औषधं देऊन हिचा स्वतःचा गर आम्ही संपवणार. मग काही आठवडे हिच्या अंगात एकही पहारेकरी नसेल. त्यात तुमच्याकडून एखादा झोपलेला जंतू गेला, तर त्याला अडवायला कुणी नाही. पण असं क्वचित होतं. तुम्ही कोर्स पूर्ण केलाय ना?”

“पूर्ण. रेघ मारलीय बघा.”

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी पाहिलं. माझी जुनी नोंद निघाली. सहा महिने, रोजचा कॉल, एकही दिवस रिकामा नाही. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “असे पेशंट असले तर आमचं काम सोपं होतं.” मी बहिणीकडे पाहिलं, म्हणजे बघ, शायनिंग कायले ते.

आई तोपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग ती म्हणाली, “मॅडम, एक सांगू का? कॉल तं रोज केला मी. पण गोळ्या सगळ्या यानं नाही खाल्ल्या.”

मला वाटलं हिच्या आठवणीत काहीतरी घोळ झाला असेल. मी म्हटलं, “आई, मीच खाल्ल्या. तूच तर देत होती.”

“तीन देत होती. मंग दोन दिल्या.”

मग ते आठवलं. पहिले दोन महिने तीन-तीन गोळ्या होत्या. मग पाकीट बदललं. त्याच सुमारास एका सकाळी आईनं माझ्या हातावर दोनच ठेवल्या आणि म्हणाली, आता औषध कमी झालं. मला बरंच वाटलं, कारण त्या गोळ्यांनी पोटात आग पडायची. तेव्हा मी मेडिकलमध्ये नव्हतो. पाकीट बदललं म्हणजे औषध कमी झालं, यात मला शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही.

“मग तिसरी कुठे गेली?” मॅडमनी विचारलं.

आईनं बहिणीकडे बघितलं. “हिले देल्ली.”

बहीण आधी हसली, मग तिचं हसू राहून गेलं. “ते लाल गोळी? सातवीत होतो तवा? तू तं म्हणत होती रगत वाढते.”

“तसंच समजलो ना मी,” आई म्हणाली. आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. बाळंतपणात नर्सबाई लाल गोळी द्यायच्या, रक्त वाढतं म्हणून. शाळेतही द्यायचे. पण पोरीला सिकलसेल, तिला ती लोहाची गोळी देऊ नका असं डॉक्टरनं बजावलं होतं. पोरगी दिवसेंदिवस पिवळी पडत चाललेली. आणि इकडे पोराला लाल गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत त्याचे गाल भरले, अंगावर मांस आलं. ही तर लोहाची नव्हती. मग ही चालेल. पोरगा आता बरा झालाच आहे, त्याला दोनात भागेल. “एकाच घरचे दोघं. एकाले सगळं आणि एकाले काहीच नाही, हे कसं जमन?” असं ती म्हणाली. त्या गोळीनं लघवी लाल होते हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण बहिणीची लघवी एरवीही गडदच असायची.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आईवर त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “हिच्या लिव्हरला काही झालं नाही, नशीब.” मग फॉर्म सरळ केला आणि मी मारलेल्या रेघेवर पेन टेकवलं. म्हणाल्या की आता थांबावं लागेल.

परतीच्या गाडीत मी आईशी बोललो नाही. कामठी गेलं, भंडारा रोड गेलं, तुमसर गेलं. बहीण खिडकीशी झोपली होती. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. खोटं कशाला सांगू, लहानपणापासूनचं सगळं वर आलं. दूध असो, संत्रं असो, आधी तिला. मी कधी तोंडातून शब्द काढला नाही, कारण ती आजारी. पण माझं औषध? मला टीबी होता तेव्हासुद्धा? आई समोरच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. आणि त्याच वेळी हेही डोक्यात येत होतं की तिनं ती गोळी मिलच्या गेटवर विकून साडी घेतली नव्हती.

दुसरा गोंधळ वेगळाच. मी तर बरा झालो होतो. आठ वर्षांत खोकला नाही, ताप नाही, वजन सत्तर. म्हणजे दोन गोळ्यांत भागलं की काय? की जंतू गरात जाऊन निजला आणि मी त्याला खाऊपिऊ घालत आठ वर्षं लोकांना कोर्स पूर्ण करायचं व्याख्यान देत बसलो? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फरक एवढाच की मी कोरडा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

पुढच्या फेरीत माझ्या कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून थोडा गर तपासायला घेतला. टीबीचा जंतू उगवतो का पाहायला सहा आठवडे लागतात म्हणाले. छातीच्या फोटोत जुना डाग होता, नवीन काही नव्हतं. तरी छातीच्या डॉक्टरांनी मला पुन्हा सहा महिन्यांचं औषध लावलं. आशाताई पुन्हा घरी यायला लागल्या, शेजाऱ्यांनी पाहिलं, आणि फुलचूरकडची एक सोयरीक जवळजवळ ठरत आली होती ती थंडावली. त्यांचा निरोप आला, सध्या मुलीला शिकायचं आहे. मला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. डोक्यात दुसरंच चालू असायचं.

काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर वाचायचो. मूळपेशी, पहारेकरी, बीसीजी. एका ठिकाणी वाचलं की जंतू मूळपेशीत झोपतो, तेव्हा मी घाबरायचो. दुसऱ्या ठिकाणी वाचलं की बीसीजीनं शिकलेले पहारेकरी टीबीला जास्त नेटानं भिडतात, तेव्हा दंडावरच्या वणाकडे बघून छाती फुगायची. मग तिसऱ्या ठिकाणी लिहिलेलं की हे सगळं उंदरात, माणसात अजून पुरतं कळलेलं नाही. मालकांनी विचारलं, काऊन रे, परीक्षा आहे का. त्यांना समजावून सांगायला गेलो तर दोन वाक्यांत मीच अडकलो. ते म्हणाले, “यार, तेरे को जितना मालूम है उतना नहीं मालूम होता तो अच्छा था.”

सहा आठवड्यांनी अहवाल आला. गरात जंतू उगवला नव्हता. मी मॅडमना फोनवर विचारलं, “म्हणजे नाही, असं समजू?”

“सापडला नाही, असं समजा.”

“दोन्हींत फरक काय?”

“बराच आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून त्यांनाही हे बोलायला आवडत नव्हतं हे कळलं.

त्या सहा महिन्यांत बहिणीला दोनदा दुखणं उठलं. एकदा हातापायात, एकदा पुन्हा छातीत. दुसऱ्या वेळी ऑक्सिजन लावून तिला गोंदियाहून नागपूरला नेताना मला वाटलं की आता माझा गर शुद्ध करत बसण्यात काय अर्थ आहे, घ्या आणि टाका. आणि ती जरा सावरली की वाटायचं, नको, माझ्या हातून तिच्यात ते गेलं तर? दिवसातून चार वेळा मी पक्का निर्णय घ्यायचो आणि चारही वेळा वेगळा. आई रोज सकाळी गोळ्या मोजून माझ्या हातावर ठेवायची आणि मी तोंड उघडून दाखवेपर्यंत हलायची नाही. आम्ही तेवढ्यापुरतंच बोलायचो. एकदा तिनं मॅडमना विचारलं की माझं हाड नाही का चालणार, मी तिची आई आहे. मॅडमनी सांगितलं की तुमचा गर अर्धाच जुळतो, त्यात धोका जास्त. त्यानंतर आई दोन दिवस जेवली नाही. मी तिला जेव म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, हे अजून मला टोचतं.

औषध संपलं, पुन्हा तपासण्या झाल्या आणि मॅडमनी तिघांना बोलावलं. या वेळी त्या माझ्याशी नाही, बहिणीशी बोलल्या, कारण ती वीस वर्षांची आणि सही तिची. काय काय होऊ शकतं ते सगळं त्यांनी सांगितलं. केस जातील, तोंड सोलून निघेल, गर रुजलाच नाही असंही होऊ शकेल. आणि भावाच्या गरातून आजार यायची शक्यता, आता फार कमी, पण शून्य नाही. त्यासाठी नंतर बरेच महिने औषध चालू ठेवू. बहिणीनं सगळं नीट ऐकलं. मला वाटलं ती रडेल किंवा विचार करायला वेळ मागेल.

तिनं विचारलं, “याच्यातला गर काढल्यावर याचे पहारेकरी कमी पडतीन ना? मंग याच्यातलं झोपलेलं उठलं तं?”

मॅडम म्हणाल्या की त्याचा गर काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो, त्याला तसा धोका नाही.

“बस. मंग द्या पेन.”

इतके महिने मी माझ्यामुळे तिला काय होईल याचाच विचार करत होतो. तिच्यामुळे मला काही होईल असा विचार कुणी केला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत उभा राहिलो.

गर काढायच्या सकाळी मला स्ट्रेचरवर घेतलं. आई दाराशी उभी होती. बहिणीला तिच्या बंद खोलीत आधीच औषधं देऊन झाली होती, डोकं चकाचक झालं होतं, काचेपलीकडून ती फोनवर बोलत होती. स्पीकर चालू होता. ती आईला म्हणाली, “आता तरी याचं चोरून आणू नको वो. हा सोताच देऊन राहिला.” आई पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तोंडावर पदर धरून तिथेच खाली बसली. मी स्ट्रेचरवरून हात लांब केला तेव्हा तिनं तो धरला. गोळ्या हातावर ठेवण्यापलीकडे आठ महिन्यांत आम्ही एकमेकांना हात लावला नव्हता.

शुद्धीवर आलो तेव्हा कंबर ठणकत होती. संध्याकाळी माझा गर एका पिशवीतून तिच्या नळीत गेला. दिसायला साधं रक्तच. मॅडम म्हणाल्या की या पेशींना रस्ता सांगावा लागत नाही, रक्तातून फिरत फिरत त्या आपणहून हाडात जाऊन बसतात. विसाव्या दिवशी तिच्या रक्तात पहिले पहारेकरी दिसले. मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, “हे सगळे तुमच्याकडचे.” मी उगाच ताठ बसलो.

आता ती घरी आहे, कुडव्याला. चार महिने झाले. केस बोटभर आलेत, मास्क लावते, बाहेरचं खात नाही. हाडं दुखत नाहीत. एका सकाळी थंडीत ती अंगणात पाय आपटत उभी राहिली, फक्त दुखतं का पाहायला, आणि दुखलं नाही. आईनं तिला ओरडून आत घेतलं.

गेल्या आठवड्यात तिला खोकला आला. साधा, कोरडा. एकदा, मग पुन्हा. मी दुकानातून येऊन चप्पल काढत होतो, तसाच उभा राहिलो. आई भाजी चिरता चिरता थांबली. मी मॅडमना फोन केला, त्यांनी तपासण्या सांगितल्या, रक्त आणि थुंकी देऊन आलो. बहुतेक साधा संसर्ग असेल म्हणाल्या. बहुतेक. अहवाल अजून यायचा आहे.

आणि बसल्या बसल्या मला वाटत राहतं की तिच्या छातीत आता जे काही चाललं असेल त्यात तिचं काय आहे? पहारेकरी माझे. ते चलाख आहेत की मंद, कुणाला ठाऊक नाही. आणि समोर कुणी उभा असलाच, तर तोही कदाचित माझ्याकडूनच गेलेला. मी तिला वाचवलं की तिला मारायची सोय केली, हे मला आज सांगता येत नाही, आणि ज्यांना विचारावं त्यांनाही येत नाही.

काल संध्याकाळी ती पुन्हा खोकली तेव्हा मी तिच्याकडे पाहत होतो. तिनं मास्क हनुवटीखाली ओढला.

“असा काऊन पाहून राहिला?”

“कुठे काय.”

“खरं सांग दादा, हा खोकला तुहा हाय का माहा?”

मी हसलो नाही. आईही हसली नाही. ती एकटीच हसली, आणि हसता हसता तिला पुन्हा खोकला आला.